अण्णांची दोन सर्टिफिकेटं

आमच्या घरात कुठलं काम कुणी केलं हे विचारायची पद्धत नव्हती. पापड लाटले कुणी, तर घरानं. दुकानाच्या हिशोबात चूक कुणाची, तर घराची. बाहेरच्या कुणी फारच खोदून विचारलं तर अण्णा हात झटकून म्हणायचे, "घरचंच आहे की." या एका वाक्यावर आमचं एकत्र कुटुंब बिनबोभाट चाललं होतं. आणि याच वाक्यापायी मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलाखतीला नाटकातली नायिका म्हणून जाऊन बसले.

अण्णा म्हणजे माझे काका. माझे वडील रेल्वेत, कायम फिरतीवर, आई त्यांच्याबरोबर, त्यामुळे मी शिकायला बेंगळुरात काकांच्या घरीच असे आणि तिथं अण्णांचा शब्द शेवटचा. चिकपेटेत त्यांचं जरीचं दुकान होतं. आमची माणसं या गावात इतक्या पिढ्यांपूर्वी आली होती की मूळ गाव कुठलं हे कुणाला छातीठोकपणे सांगता येत नसे. घरातल्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पुण्याचे पाहुणे आमची दोन वाक्यं ऐकली की गालातल्या गालात हसायचे. अण्णांच्या मुलाला सगळे तम्मा म्हणत, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. तो माझ्याहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान. तो मला अक्का म्हणायचा, आणि त्या सहा महिन्यांच्या वडीलपणाचा मान मी पुरेपूर वसूल करून घ्यायची.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं एकदमच पी.यू.सी., म्हणजे मॅट्रिकनंतरचं कॉलेजचं वर्ष, पास झालो आणि दोघांनाही इंजिनिअर व्हायचं होतं. मार्क माझे थोडे जास्त, पण सीट आपल्या पायांनी चालत घरी येईल इतके कुणाचेच नव्हते. त्या काळी परीक्षेच्या मार्कांत मुलाखतीचे मार्क मिळवत, आणि मुलाखतीला भलतंच वजन होतं. मुलगा नुसता पुस्तकी किडा नाही ना, हे कमिटीला बघायचं असे. खेळ, एन.सी.सी., वक्तृत्व, नाटक, समाजसेवा, असं काही अर्जासोबत जोडलं की पारडं जड व्हायचं. गल्लीतली हुशार पोरं दोन वर्षांपासून एन.सी.सी.चे बूट आपटत होती. आम्हा दोघांकडे दाखवायला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मंडळाच्या नाटकात होतं.

अण्णांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "एकदा अर्ज करा. मिळालं तर खुशाल शिका. नाही मिळालं तर तम्मा दुकानात बसेल, आणि तू..." एवढं बोलून त्यांनी काकूकडे पाहिलं. पुढचं मला माहीत होतं. माझी पत्रिका ट्रंकेतून बाहेर आली होती आणि तिच्या नकला करून झाल्या होत्या. तम्माला दुकानाचा मनापासून कंटाळा. एका गिऱ्हाइकापुढे सगळ्या पट्ट्या उलगडायच्या आणि ते उठून गेलं की पुन्हा गुंडाळायच्या, यात जन्म काढायच्या कल्पनेनं त्याचा चेहरा उतरायचा. थोडक्यात, आमच्या दोघांच्याही पुढच्या आयुष्याचा निकाल त्या एका मुलाखतीवर होता.

अण्णा मराठी मंडळाचे चिटणीस होते. गणेशोत्सवात मंडळाचं तीन अंकी नाटक व्हायचं. चांगल्या घरच्या मुली रंगमंचावर जात नसत, त्यामुळे बायकांच्या भूमिका मुलांकडे. सलग तीन वर्षं नायिका होता तम्मा. आणि खोटं कशाला बोलू, तो देखणा दिसायचा. नऊवारीत तो अशा काही झोकात चालायचा की नाटक संपल्यावर बायका अंबाड्याचं विचारायला आत यायच्या. मी पडद्यामागे असे, कारण पडदा माझा होता.

हा पडदा म्हणजे एक जाड रंगवलेलं कापड, खालच्या कडेला बांबू. दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी राहून दोऱ्या ओढत आणि पडदा गुंडाळला जात वर जाई. त्या दोघांतला एक नेहमी घाईचा आणि दुसरा नेहमी तंबाखूत गुंतलेला. एका वर्षी एकच बाजू भरकन वर गेली आणि एका पायात मोजडी घातलेले महाराज दुसरी शोधताना अख्ख्या सभागृहाला दिसले. लोक पोट धरून हसले. मला मात्र संताप आला. वाकडी गोष्ट मला सहन होत नाही. आजही मी लोकांच्या घरची कॅलेंडरं सरळ करते आणि त्यांना ते आवडत नाही.

पुढच्या वर्षी मी दोन्ही दोऱ्या कप्प्यांवरून एकाच बाजूला आणल्या, एका कडीत अडकवल्या आणि एकाच माणसानं ओढायच्या केल्या. कडी जितकी खाली, तितकी दोन्ही टोकं वर, भांडणच मिटलं. पण एकट्याला ते ओझं ओढवेना. म्हणून कडीला वजन टांगलं. ते वजन म्हणजे काकूचा वरवंटा. गणपतीचे दिवस, घरात पाहुणे आणि चटणी वाटायला वरवंटा नाही. काकू माझ्याशी नाटक होईपर्यंत बोलली नाही.

तरी एक खोट राहिलीच. काथ्याची दोरी ओल धरली की आखडते. पलीकडच्या बाजूची दोरी जास्त लांब, म्हणून ती जास्त आखडायची, आणि रिमझिम चालू झाली की पडद्याची ती बाजू चार बोटं वर राहायची. मी विंगेत, मला ते तिथून दिसायचं नाही. दिसायचं तम्माला. पहिल्या अंकात नायिकेवर काही ना काही संकट यायचंच, आणि संकटात माणूस देवाकडे बघतोच. तम्मा डोळे भरून वर बघायचा, बांबूचा अंदाज घ्यायचा आणि पदराखालून मला बोटं दाखवायचा. डावी बाजू वर असेल तर डाव्या हाताची, उजवी असेल तर उजव्या हाताची, जितकी बोटं वर तितकी बोटं. पडदा सरळ असेल तर तळवा आडवा धरायचा. मग मध्यंतरात मी गाठी सोडून नीट बांधायची. समोर बसलेल्या एका मास्तरांनी तम्माच्या हस्ताभिनयाचं कौतुक केलं तेव्हा आम्ही दोघं हसून हसून लोळलो होतो.

तर अशा दोघांना अण्णांनी मंडळाच्या कागदावर, स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी, सर्टिफिकेटं दिली. संध्याकाळी त्यांनी ती इंग्रजीतून मोठ्यानं वाचून दाखवली. तम्मानं तीन वर्षं मंडळाच्या रंगमंचाची यंत्रणा आखली आणि सांभाळली. मी तीन वर्षं नायिकेची भूमिका करून प्रेक्षकांची वाहवा मिळवली.

मला वाटलं त्यांनी कागदांची अदलाबदल केली. "अण्णा, हे उलटं झालंय."

"काय उलटं? मंडळात नाटक झालं नाही?"

"झालं."

"पडदा वर गेला नाही?"

"गेला."

"मग? दोन्ही आपल्याच घरातनं झालं ना? पोरगा साडी नेसला म्हणून लिहिलं तर कमिटी काय म्हणेल? आणि पोरगी दोऱ्या ओढते म्हटलं तर आपलं घर कसलं म्हणायचं? घरचंच आहे की. इकडचं तिकडं झालं तर काय बिघडलं?"

काकूला वेगळीच काळजी. "पोरीनं नाटकात काम केलं असं लिहिताय. सोयरिकीच्या लोकांनी वाचलं तर?"

"कमिटीत सगळे कन्नडवाले," अण्णा म्हणाले. "त्यांच्या कॉलेजातल्या मुली करतात की हल्ली. आपल्यातलं कोण जातंय तिथं वाचायला? स्वल्प गप्प बसा सगळे."

ते खोटं बोलत असते तर मी भांडले असते. पण आपण खोटं लिहिलंय असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. काम घराचं, मुलं घराची, मग जे ज्याच्या उपयोगी पडेल ते त्याच्या ताटात वाढायचं, इतका साधा त्यांचा हिशोब. आमच्या दोघांच्या भल्यासाठीच ते सगळं करत होते, आणि म्हणूनच माझा राग नुसता धुमसत राहिला. अर्ज गेले.

मग रोज संध्याकाळी गच्चीवर आमची तयारी सुरू झाली. तम्मा मला अभिनय शिकवी, मी त्याला पडदा शिकवी. शिक्षक म्हणून तो चांगला होता. "रडायचं नाही, अक्का. आलेलं रडू लपवायचं," तो सांगायचा आणि क्षणात तसं करून दाखवायचा. मी प्रयत्न केला की तो तोंड फिरवायचा, कारण दुःखी नायिकेऐवजी मी बसची वाट बघणारी बाई दिसायची. माझ्या आवाजात तर प्रेमाचं वाक्यही तक्रारीसारखं यायचं.

त्याची गत याच्या उलट. कप्प्या, कडी, वजन, सगळं त्यानं संवादासारखं घडाघडा पाठ केलं. पण एक उपप्रश्न आला की गाडी रुळावरून घसरायची.

"लांब दोरी जास्त का आखडते?"

"तू सांगितलंस म्हणून."

अण्णा जिन्यात उभे राहून ऐकायचे आणि दोघांचंही चांगलं पाठ झालंय म्हणून समाधानानं खाली जायचे.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तम्मानं विचारलं, "तुला खरंच काहीतरी करून दाखवायला सांगितलं तर?"

"मी तिथंच मरेन," मी म्हटलं. मला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण आवाज कापला. तो हसला नाही. कठड्याला टेकून खालच्या रस्त्याकडे बघत राहिला.

कॉलेजच्या दगडी व्हरांड्यात दुसऱ्या दिवशी बाकांवर सगळी मुलं, मुलगी मी एकटी. काकूनं मला तिची रेशमी साडी नेसवली होती आणि ती मला सारखी टोचत होती. आमचं आडनाव एकच, त्यामुळे आमचे नंबर लागून आले होते. आधी तम्मा. अण्णांचा कोट घालून तो आत गेला तेव्हा बाह्यांत त्याची बोटंसुद्धा दिसत नव्हती.

बराच वेळ दार बंद होतं. मग आतून हसू ऐकू आलं, चार-पाच मोठ्या माणसांचं मनमोकळं हसू. दोरीचा प्रश्न आला आणि हा फसला, असं मी धरून चालले. दार उघडून तो बाहेर आला आणि माझ्याजवळ वाकून, शिपायाला कळू नये म्हणून आमच्या मराठीत म्हणाला, "अक्का, मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"नायिका मी. पडदा तुझा."

तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं. तम्माला पुढे काही विचारायलाही मला वेळ मिळाला नाही.

आत लांब टेबलामागे कमिटी बसली होती. मधोमध म्हैसुरी पगडी घातलेले वयस्कर गृहस्थ, बहुधा अध्यक्ष. त्यांच्यासमोर आमची दोन्ही सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवलेली होती. बोलणं सगळं इंग्रजीतून झालं, पण आठवतं मला माझ्या भाषेत.

"तुमचा भाऊ म्हणतो नायिका तो होता. खरं?"

"होय सर."

"आणि ही यंत्रणा?"

"माझी."

"मग इथं उलटं का लिहिलंय?"

याचं उत्तर आम्ही पाठ केलं नव्हतं. मी खरं होतं ते सांगितलं. "आमच्या घरात कुणी काय केलं ते वेगळं मोजत नाहीत, सर."

अध्यक्षांनी बाजूला पाहिलं. शेजारचे एक सभासद कन्नडात पुटपुटले, आमच्याही घरी हेच. मग अध्यक्षांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि पडद्याची आकृती काढायला सांगितली. पेन्सिल हातात आल्यावर माझी भीती कुठल्या कुठे गेली. मी काढत गेले, ते विचारत गेले.

"पडदा अगदी सरळ जातो?"

दोष बोलून दाखवायचे नाहीत, असं अण्णांनी बजावलं होतं. "नाही सर. पावसात एक बाजू वर राहते," मी म्हणाले, आणि का ते सांगितलं.

"वजन कशाचं लावलं?"

"काकूच्या वरवंट्याचं."

ते पुन्हा हसले. कुणीतरी विचारलं, मग घरात चटणी कशी केली. मी म्हटलं, केलीच नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, विंगेत उभं राहून पडदा वाकडा आहे हे कळायचं कसं. मी सांगितलं, माझा भाऊ बोटांनी दाखवायचा. त्यांनी माझी आकृती त्या दोन सर्टिफिकेटांवर ठेवली आणि मला जायला सांगितलं. अभिनय करून दाखव असं कुणीही म्हटलं नाही.

घरी अण्णा दुखावले. इतके की तम्माशी बोलेनात. "माझ्या सहीचा कागद तू चारचौघांत खोटा पाडलास," एवढंच एकदा म्हणाले.

"खोटा नाही म्हटलं मी, अण्णा. उलटा आहे म्हटलं," तम्मा म्हणाला. अण्णा चपला घालून दुकानात निघून गेले.

यादी लागली त्या दिवशी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. फळ्यापुढे पोरांची ही गर्दी. मी फाटकापाशी झाडाखाली थांबले आणि तम्मा अंग चोरत आत शिरला. बराच वेळ दिसला नाही. मग तो व्हरांड्याच्या पायरीवर आला, मान उंचावून त्यानं मला शोधलं, हात वर केला आणि तळवा आडवा धरला.

पडदा सरळ. दोन्ही बाजू.

इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. परत येताना सबंध रस्ताभर मी एकटीच बोलत होते. ड्रॉइंग बोर्ड दोघांत एकच घेऊ, सायकलवर त्यानं तो धरायचा, मी पुस्तकं धरीन, पहिल्या वर्षी गणित मी बघीन आणि इंग्रजी त्यानं बघायचं. तो हो हो म्हणत चालला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी विचारलं, "तुझं नाव कितवं होतं रे?"

"माझं नाही, अक्का."

मी थांबले. "मग हात सरळ का दाखवलास?"

"तू लांब एकटी उभी होतीस," तो म्हणाला. "घरी पोचेपर्यंत तरी तुला नीट आनंद होऊ दे म्हटलं."

मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले. मला राग आला होता, अण्णांचा, कमिटीचा आणि सगळ्यांत जास्त तम्माचा. मुलाखतीत तो गप्प राहिला असता तर? पाठ केलेलं घडाघडा म्हणून तो निभावून गेला असता का? मुलाखतीचे मार्क कुणाला दाखवत नसत, त्यामुळे ते कधीच कळलं नाही. पुढे अनेकदा मी त्याला विचारलं. "दोरीचा पहिलाच प्रश्न आला आणि मला दुसरं काही सुचेना," एवढंच तो सांगायचा. काही दिवस मला ते पटायचं, काही दिवस अजिबात पटायचं नाही.

तो दुकानात बसू लागला आणि मी टी-स्क्वेअर घेऊन कॉलेजात जाऊ लागले. सकाळी एकाच वेळी आम्ही घरातून निघायचो आणि चौकात वेगवेगळ्या दिशांना जायचो. त्याच्याकडे पाठ करून चालणं मला फार जड जायचं.

त्या वर्षीच्या गणपतीत तो शेवटचं नायिका झाला. मी कॉलेजातून येऊन विंगेत उभी राहिले. दुपारपासून रिमझिम होती, आणि पेपरांच्या गडबडीत मी गाठी तपासल्याच नव्हत्या. पहिल्या अंकात संकट आलं. तम्मानं डोळे भरून वर पाहिलं आणि पदराखालून तळवा आडवा धरला.

मध्यंतर झालं तशी मी उतरून समोर प्रेक्षकांत गेले आणि स्वतः पाहिलं. पलीकडची बाजू चांगली चार बोटं वर होती.

मी आत आले. तो आरशासमोर बसून कुंकू नीट करत होता. "तम्मा," मी म्हटलं, "माझ्याशी असं करत जाऊ नकोस. वाकडं असेल तर वाकडं म्हणून दाखव. मला चालेल."

त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "घरचंच आहे की, अक्का," तो म्हणाला.

दुसऱ्या अंकाची घंटा व्हायला थोडाच वेळ होता. मी शिडीवर चढले, गाठ सोडली आणि पडदा सरळ बांधला.